ब्रूड म्हणजे काय? आधी खुडूक कोंबडी बघा

गावठी कोंबडी दहा-बारा अंडी घालते आणि एके दिवशी खुडूक होते. अंडी देणं बंद. टोपलीत जी बसते ती उठायचं नाव घेत नाही. तुरा फिकट पडलेला, पिसं फुगवून अंग दुप्पट झालेलं, नजर एकटक. हात जवळ नेला की घशातून घरघर काढते आणि टोचते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा खाली उतरते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते आणि पुन्हा जागेवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हिला कोणी काही बोललं की काय, किंवा ही कसला तरी घोर विचार करतेय.

इंग्रजीत 'ब्रूड' नावाचा एक शब्द आहे. त्याचा अर्थ कोणी विचारला तर सरळ ही कोंबडी दाखवावी असं मला वाटतं, कारण शब्दकोश उघडला तर गोंधळच व्हायचा. पक्ष्यांच्या पुस्तकात ब्रूड म्हणजे एका खेपेला अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या लेखी ब्रूड म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष. घोड्यांच्या पागेत 'ब्रूडमेअर' म्हणजे शिंगरांसाठी राखलेली घोडी. आणि कादंबरीतला नायक खिडकीशी उभा राहून 'ब्रूड' करतो, तेव्हा अंडी-पिल्लांचा दूरदूर संबंध नसतो. तो मनातल्या मनात कुढत असतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हे चार निरनिराळे शब्द वाटतात, योगायोगाने एकाच स्पेलिंगचे. शब्द मात्र एकच आहे, आणि त्याचे सगळे अर्थ त्या टोपलीतून निघालेत.

असं ठामपणे कसं म्हणता येतं, हे आधी बघू. एका रूपाला अनेक अर्थ चिकटतात ते दोन तऱ्हांनी. मराठीतला 'वीण' घ्या. पक्षिनिरीक्षक म्हणतात 'विणीचा हंगाम', म्हणजे पिल्लं घालण्याचा काळ. स्वेटर विणणारी आजी म्हणते 'वीण सैल झाली'. ऐकायला एकच शब्द, पण पहिला 'विणे' या क्रियापदातून आला, म्हणजे व्यायणे, आणि दुसरा 'विणणे' यातून. दोघांची मुळं वेगळी, आडनाव सारखं पडलं इतकंच. दिव्याची वात आणि अंगातला वात यांचंही असंच. संस्कृतातल्या 'वर्ति'ची झिजून वात झाली, आणि दुसरा वात संस्कृतातून जसाच्या तसा आला. भाषेच्या अभ्यासात अशा शब्दांना समरूप म्हणतात.

दुसऱ्या तऱ्हेत शब्द एकच असतो आणि त्याचे अर्थ एकातून एक फुटलेले असतात. 'डोळा' घ्या. माणसाचा डोळा, मोराच्या पिसावरचा डोळा, बटाट्याचा डोळा. इथे कोणालाही शब्दकोश लागत नाही, नातं दिसतंच. याला अनेकार्थता म्हणायचं. चांगले शब्दकोश हा फरक मांडणीतच दाखवतात: समरूप शब्दांना वेगळ्या नोंदी, अनेकार्थी शब्दाला एकच नोंद आणि तिच्याखाली एक, दोन, तीन असे अर्थ. पिल्लं आणि कुढणं हे दोन्ही ब्रूडच्या एकाच कुळातले मानले जातात. 'नाम म्हणून' आणि 'क्रियापद म्हणून' अशा दोन नोंदी केल्या तरी मूळ एकच दिलेलं असतं.

ते मूळ आहे ऊब.

जुन्या इंग्रजीत 'ब्रोड' असा शब्द होता. त्याचं जर्मानिक मूळ, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातून आल्या तिथलं, गरम करणे, ऊब देणे या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. 'ब्रीड', म्हणजे पैदास करणे, हा त्याचाच भाऊ. इंग्रजीत अशा भावांच्या आणखी जोड्या आहेत: फूड आणि फीड, ब्लड आणि ब्लीड. जुन्या काळी नामापासून क्रियापद करताना पुढे येणाऱ्या 'य'सारख्या ध्वनीमुळे आधीचा स्वर ओढला जाई, 'ओ'चा 'ए'कडे सरके, आणि नंतरच्या शतकांत त्याचा 'ई' झाला. ब्रूड आणि ब्रीड ही त्याच साच्यातली जोडी. जर्मन भाषेत 'ब्रूटन' म्हणजे अंडी उबवणे, आणि एखाद्या गोष्टीवर डोकं खुपसून बसणेही. जर्मन लोक उकाड्यालाही 'उबवणारा उकाडा' म्हणतात, आणि सर्दी होणार अशी चिन्हं दिसली की 'मी सर्दी उबवतोय' असं सांगतात. म्हणजे हा काही एकट्या इंग्रजीचा लहरीपणा नव्हे.

आता ऊब देणं म्हणजे कोंबडी प्रत्यक्षात काय करते ते पाहू, कारण पुढचे सगळे अर्थ त्यातल्याच एकेका तुकड्यावर उभे आहेत. खुडूकपणाच्या मुळाशी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आहे. हेच संप्रेरक सस्तन मादीच्या अंगावर दूध आणतं. कोंबडीत ते वाढलं की अंडाशयाचं काम थंडावतं आणि बसण्याची ओढ लागते. तिच्या पोटाकडची पिसं झडतात, तिथली कातडी उघडी पडते, रक्तवाहिन्यांनी भरते आणि थेट अंड्यांना टेकते. अंड्यांना साधारण साडेसदतीस ते अडतीस अंश सेल्सिअस ऊब लागते, सलग २१ दिवस. कोंबडी चोचीने अंडी मधूनमधून फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटण्याचा धोका असतो. म्हणजे लांबून जे निव्वळ बसणं दिसतं त्यात बरीच मेहनत आहे. तिचं वजन या काळात घटतं.

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तरी ती उबवते. त्यांना २८ दिवस लागतात, पण तिची तक्रार नसते. आणि ही गोष्ट ब्रूड या शब्दासाठी फार महत्त्वाची आहे: खाली अंडं नसलं, नुसता गुळगुळीत दगड किंवा लाकडी अंडं असलं, तरी ती बसतेच. तिच्या बसण्याला सुरुवात आतून होते.

व्यापारी कोंबडीपालनाला हे परवडत नाही. बसलेली कोंबडी म्हणजे बंद पडलेली अंडी. म्हणून इटलीतून जगभर गेलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करकरून हा गुण जवळजवळ पुसून टाकला गेला. त्या कोंबड्या अंडी घालत राहतात, बसत नाहीत. पिल्लं यंत्रात निघतात. शहरात वाढलेल्या पिढीने खुडूक कोंबडी पाहिलेलीच नसते, त्याचं हे एक कारण. आणि 'ब्रूड'चे अर्थ तुटक वाटायला लागले त्याचंही बहुधा हेच. अर्थांना जोडणारा प्राणीच नजरेआड झाला.

असो. या एका दृश्याचे तुकडे कसे पडले ते बघू.

पहिला तुकडा म्हणजे बसण्याचं फळ, पिल्लं. इथे एक बारकावा आहे. ब्रूड म्हणजे कुठलीही पिल्लं नव्हेत, एका खेपेची पिल्लं. मराठीत आईनुसार पिलाचं नाव बदलतं: गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरणीचं पाडस. पण खेप सांगायची तर आपल्याकडे 'वेत' आहे. 'तिसऱ्या वेताची म्हैस' म्हटलं की बाजारात समोरच्याला वय, दूध, किंमत सगळं कळतं. ब्रूडमधला हा 'खेप' अर्थ अमेरिकेतल्या किड्यांच्या बाबतीत अगदी टोकाला गेलाय. तिथे सिकाडा नावाच्या किड्याच्या काही जाती आहेत. त्यांची पिल्लं जमिनीखाली झाडांच्या मुळांचा रस पीत १३ किंवा १७ वर्षं काढतात, आणि मग एकाच वसंतात लाखोंनी बाहेर येऊन झाडांवर कर्णकर्कश आवाज करतात. एकाच वर्षी बाहेर येणाऱ्या सगळ्या किड्यांना मिळून 'एक ब्रूड' म्हणतात. चार्ल्स मार्लॅट या कीटकशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये या ब्रूडांना रोमन आकडे दिले. दहावी ब्रूड २०२१ मध्ये आली होती. २०२४ मध्ये १७ वर्षांची तेरावी आणि १३ वर्षांची एकोणिसावी अशा दोन ब्रूड एकाच वर्षी निघाल्या. तेरा गुणिले सतरा म्हणजे २२१, त्यामुळे त्यांची आधीची भेट १८०३ सालची. इथे कोणी कोणाला उबवत नाही. मादी फांदीत खाच पाडून अंडी घालते आणि मरून जाते. शब्दातून कोंबडी गेली, ऊब गेली, उरली ती फक्त खेप.

याच तुकड्याला एक तुसडी छटाही आहे. कोणाच्या घरात मुलं फार झाली की इंग्रज हसून 'ब्रूड' म्हणतो. इथे मराठी मुळीच मागे नाही. 'मागे पोरांचं लेंढार घेऊन आली' यातला लेंढार तंतोतंत तोच. आणि तिरस्कारच दाखवायचा तर 'पिलावळ'. कोंबडीची पिलावळ म्हणताना त्यात राग नसतो, पण 'त्या गुंडाची पिलावळ' म्हटलं की तोच शब्द चावतो. इंग्रजी बायबलच्या अलीकडच्या भाषांतरांत बाप्तिस्मा देणारा योहान ढोंगी लोकांना 'ब्रूड ऑफ वायपर्स' म्हणतो, सापाची पिल्लं. प्राण्यांच्या पिलांचा शब्द माणसांना लावला की तो एकतर लाडाचा होतो, नाहीतर शिवीचा. मधलं काही सहसा मिळत नाही.

दुसरा तुकडा म्हणजे उबवण्याचं आणि वाढवण्याचं काम. मधमाश्या यात येतात. राणीमाशी अंडी घालते आणि कामकरी माश्या पोळ्याचा तो भाग ३४-३५ अंशांवर राखतात. थंडीत अंगाचे स्नायू थरथरवून ऊब आणतात, उन्हाळ्यात पंखांनी वारा घालतात आणि पाणी आणून शिंपडतात. पेटी उघडणारा शेतकरी मधाआधी हाच भाग बघतो, कारण वसाहत धडधाकट आहे की नाही ते इथे कळतं. मत्स्यबीज केंद्रातही 'ब्रूडस्टॉक' असतं, अंडी आणि बीज मिळवण्यासाठी वेगळे सांभाळलेले मोठे मासे.

आणि याच खात्यात कोकिळा येते. जीवशास्त्रात तिच्यासारख्यांना 'ब्रूड पॅरासाइट' म्हणतात. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते. कोकिळेचं अंडं आकाराने लहान, पण ते कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं, आणि आधी जन्मलेलं पिल्लू घास मागण्यात पुढे राहतं. 'कुहू' ओरडणारा काळा पक्षी नर असतो. अंडी टाकणारी मादी करड्या रंगाची, ठिपक्यांची, सहसा पानांआड. पावशा हेच सातभाईंच्या घरट्यात करतो. संस्कृतवाल्यांना हे नीट ठाऊक होतं. अमरकोशात कोकिळेला 'परभृत' म्हटलंय, दुसऱ्याने पोसलेली, आणि कावळ्याला 'परभृत्', दुसऱ्याला पोसणारा. फरक एका हलन्ताचा. मला हे कोणत्याही इंग्रजी संज्ञेपेक्षा जास्त आवडतं, कारण एका जोडीत दोन्ही बाजू सांगून झाल्या.

तिसरा तुकडा म्हणजे ते बसणं. मनाचा अर्थ इथून निघाला. इंग्रजीत क्रियापद म्हणून ब्रूडचा जुना अर्थ अंड्यांवर बसणे हाच. सोळाव्या शतकात त्याला 'चिंतेने सतत एकाच गोष्टीचा विचार करत राहणे' असा दुसरा अर्थ जोडला गेला. हा सांधा अगदी उघड्यावर दिसतो तो शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये, म्हणजे साधारण १६०० सालच्या आसपास. तिसऱ्या अंकात राजा क्लॉडियस आणि त्याचा मंत्री पोलोनियस आडोशाला उभं राहून राजपुत्र हॅम्लेट आणि पोलोनियसची मुलगी ऑफेलिया यांचं बोलणं ऐकतात. पोलोनियसचं म्हणणं, पोरगा प्रेमात वेडा झालाय. राजाला ते पटत नाही. तो म्हणतो, याच्या आत काहीतरी आहे, त्याच्यावर याची उदासी अंड्यावर बसावी तशी बसली आहे. आणि ते उबून फुटलं तर त्यातून काही संकट बाहेर पडेल अशी मला भीती वाटते. लगेच तो हॅम्लेटला इंग्लंडला पाठवायचं ठरवतो. या दोन-तीन ओळींत कोंबडी पूर्ण हजर आहे: बसणं, उबणं, कवच फुटणं. हॅम्लेट मराठीत 'विकारविलसित' या नावाने गोपाळ गणेश आगरकरांनी आणलं, १८८३ मध्ये. त्या कामाचा मोठा भाग त्यांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांत केला होता, हे जाता जाता.

क्लॉडियसचं म्हणणं नीट ऐकलं तर एक गोष्ट कानावर येते. त्याच्यासाठी ब्रूड करणं म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. त्यातून काहीतरी बाहेर पडणार आहे. आजच्या इंग्रजीत तो भाग बराचसा गळून गेलाय. आज कोणी 'ब्रूड' करतोय म्हटलं की फक्त अंधार, मौन आणि ताठ मान दिसते. अंडं आहे की नाही, कोणी विचारत नाही.

मानसशास्त्राने मात्र विचारलं. अमेरिकेत सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाई याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत होत्या: वाईट वाटायला लागल्यावर माणूस त्या वाटण्याचं काय करतो? १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएटा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून मन:स्थितीबद्दलची प्रश्नावली भरून घेतली होती. असा योग संशोधकाला मागून मिळत नाही. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच मुलांना विचारलं. ज्यांना आधीपासूनच आपल्या दु:खात घोळत राहण्याची सवय होती, ते नंतरही जास्त खचलेले निघाले. आधीची उदासी हिशेबात धरूनही. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या घोळण्याला त्या 'रुमिनेशन' म्हणत, म्हणजे चक्क रवंथ. इथे कोंबडी जाऊन गाय आली. गाय चरताना गवत भराभर गिळते, मग सावलीला बसून तेच तोंडात परत आणून दिवसाचे कित्येक तास चावत राहते. लॅटिनमध्ये त्याला ज्या क्रियापदाने म्हणत त्याचाच दुसरा अर्थ मनात घोळवणे. मराठीतही आपण 'त्याच त्या विचारांचा रवंथ' म्हणतो, आणि आपला रवंथ संस्कृतातल्या 'रोमंथ'चा. गाईच्या दृष्टीने हे म्हणणं अन्यायाचं आहे, कारण रवंथाने तिचं गवत पचतं. माणसाच्या बाबतीत पचतं की नाही हाच वाद होता.

२००३ मध्ये नोलन-होक्सेमा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही रवंथाची प्रश्नावली पुन्हा तपासली. तिच्यात उदासीचीच लक्षणं विचारणारे प्रश्न मिसळले होते, ते बाजूला काढले. जे उरलं त्याचे आपोआप दोन गट पडले. एका गटाला त्यांनी 'रिफ्लेक्शन' म्हटलं, म्हणजे चिंतन: एकटं बसून, किंवा वहीत लिहून, मला नेमकं काय होतंय हे समजून घ्यायचा प्रयत्न. दुसऱ्याला नाव दिलं 'ब्रूडिंग'. त्यातले प्रश्न साधारण असे: माझ्याच वाट्याला हे का? मी नेहमी असंच का वागतो? बाकीच्यांना नाहीत त्या अडचणी मलाच का? वर्षभराने तीच माणसं पुन्हा तपासली. ब्रूडिंग करणाऱ्यांची उदासी वाढलेली दिसली. चिंतन करणाऱ्यांना त्या वेळी जरी वाईट वाटत असलं, तरी काळाने ते थोडं कमी झालेलं दिसलं.

फरक विचारांच्या संख्येत नाही, प्रश्नाच्या घडणीत आहे. 'नोकरीच्या मुलाखतीत मी अडखळलो' ही गोष्ट घ्या. ब्रूडिंग म्हणतं, 'माझं असंच का होतं?' या प्रश्नाला उत्तर नाही; त्याला दिलेलं प्रत्येक उत्तर आणखी एक 'का' आणतं. चिंतन विचारतं, 'कोणत्या प्रश्नाला अडखळलो? त्याआधी काय झालं होतं? पुन्हा तोच प्रश्न आला तर कुठून सुरुवात करू?' याला उत्तरं असतात आणि ती संपतात. एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांनी नेमक्या याच बदलावर, म्हणजे 'का'कडून 'कसं'कडे नेण्यावर, एक उपचारपद्धती उभी केली. 'विचार करू नकोस' हा आपला घरगुती सल्ला इथे बसत नाही. विचार करायचा, पण ठोस, एका प्रसंगाचा, शेवट असलेला.

कोंबडीशी जुळवून पाहायचं तर हे त्या दगडावर बसलेल्या कोंबडीचं प्रकरण आहे. एकविसावा दिवस उलटतो, पिल्लू निघत नाही, ती तरी बसलेलीच. गावात तिला मोडायचे उपाय असतात. कोणी गार पाण्यात बुडवून काढतं, कोणी नाकपुडीतून पीस ओवतं. हे दुसरं क्रूर आहे, करू नये. जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात ठेवली तर काही दिवसांत पोटाची ऊब उतरते आणि खुडूकपणा मोडतो. बसायला ऊबदार कोपराच मिळत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व.

लॅटिनने मात्र याच दृश्यातून आणखी एक वळण घेतलं. 'इन्क्युबारे' म्हणजे वर पडून राहणे. त्यातून अंड्यांचं इन्क्युबेटर आलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काचेची पेटी आली, आणि आजाराचा इन्क्युबेशन पिरियड आला, म्हणजे जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ. आपल्या आरोग्य खात्याच्या मराठीत त्याला 'अधिशयन काळ' म्हणतात. अधि म्हणजे वर, शयन म्हणजे पडणे. करोनात हा शब्द किती जणांनी वाचला असेल, पण त्यात कोंबडी बसलेली आहे हे कोणाच्या लक्षात येणार! आणि लॅटिन कवी व्हर्जिल पुरलेल्या सोन्यावर 'बसून' राहणाऱ्या कंजूषासाठी हेच क्रियापद वापरतो. तिथे आपण कोंबडी वापरत नाही. आपल्याकडे धनावर नाग बसतो. मनात राग धरून बसण्यालाही मराठीने नागच निवडला: डूख धरणे. इंग्रजीत अपमानावर 'ब्रूड' करणारा माणूस मराठीत डूख धरतो.

मग मराठीने कोंबडीकडून काय घेतलं? दोन गोष्टी. 'घरात बसून अंडी उबवतोस का?' हा रिकामटेकड्याला मारलेला टोमणा. बसणं तेच, पण इंग्रजाला त्यात उदासी दिसली आणि आपल्या आईवडिलांना आळस. दुसरी गोष्ट खुडूक. 'असा खुडूक कोंबडीसारखा काय बसलास?' म्हणतात तेव्हा विचारणाऱ्याला समोरच्याची मरगळ दिसलेली असते. पिल्लू या शब्दाने तर वेगळाच रस्ता धरला. बाळाला, प्रेयसीला पिल्लू म्हणतात ते सोडा. पण 'त्याने नवीन पिल्लू सोडलं' म्हणजे त्याने अफवा उठवली. एकदा सुटलेलं पिल्लू परत धरता येत नाही, कुठेही घुसतं, आणि कोणाचं होतं ते नंतर सांगता येत नाही. ज्याने पहिल्यांदा हे म्हटलं त्याच्या अंगणात पिल्लं होती, यात मला शंका नाही.

राहता राहिला प्रश्न भाषांतराचा. पिल्लांचा ब्रूड सोपा आहे: एका खेपेची पिल्लं, किंवा प्राणी असेल तर एका वेतातली. ब्रिटनमध्ये बाईला 'ब्रूडी' म्हणतात तेव्हा तिला मूल हवंसं वाटू लागलेलं असतं. तिथे 'आई होण्याची ओढ' लिहावं, दुसरं काही सुचवण्याच्या भानगडीत पडू नये. भरून आलेल्या आकाशाला इंग्रजी कादंबऱ्या 'ब्रूडिंग' म्हणतात. मराठीत आभाळ दाटून येतं, कोंदतं, आणि तेवढं पुरतं. माणूस कुढतो, झुरतो, घुम्यासारखा बसतो. कुढण्यात जुनं दु:ख आहे, झुरण्यात कोणाची तरी वाट आहे, घुम्या नुसताच बोलत नाही. कोणता नायक आहे ते पाहून निवडावं. अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द खरं तर खुडूकच. पण 'पावसाने भिजलेल्या खिडकीशी तो देखणा सरदार खुडूक होऊन उभा होता' असं लिहिलंत, तर वाचक पुढचं पान उलटण्याआधी पोट धरून हसेल.